लायब्ररीच्या बापाचं नाव

राईस मिलमागे कोंड्याचा ढीग कोणी मुद्दाम रचत नाही, रोजच्या कामातून तो आपसूक वाढतो. तुमसरच्या आमच्या कामातल्या किश्श्यांचंही तसंच झालंय.

परदेशात शिकून मी परतलो तो एका हट्टानं: इथलं सॉफ्टवेअर इथल्या माणसाला स्वतः उभं करता आलं पाहिजे. मित्र प्रफुल आणि मी मिळून तांदळाच्या फोटोवरून तुकडा, म्हणजे मोडलेला दाणा, किती ते सांगणारा प्रोग्राम लिहिला. प्रफुलचे काका मिलचे मालक. त्यांची अट एकच होती. "तुमी दोघं नसताना आमच्या वैशालीनं हे बसवून दाखवलं, तर ठेवतो. नाही तर हंगामाआधी उचला."

वैशालीताई मिलचं ऑफिस सांभाळतात. मिलमध्ये कॉम्प्युटर तीन जातींचे: ऑफिसातला जुना ३२ बिटचा, नवा ६४ बिटचा लॅपटॉप आणि तांदूळ वाहणाऱ्या पट्ट्याजवळचा तळहाताएवढा बोर्ड. प्रत्येकावर आधी कोणत्या लायब्ररी, म्हणजे कोणते तयार कोड, बसवायच्या ते आम्हाला नीट लिहून द्यायचं होतं.

*

प्रफुलनं लिहिलेलं पहिलं पान एका ओळीचं होतं: 'नेहमीच्या लायब्ररी बसवा.'

"नेहमीच्या कोणाच्या?" मी विचारलं.

"आपल्याच ना बे."

*

एकदा त्यानं लॅपटॉपवर तयार झालेला प्रोग्राम पेनड्राइव्हनं तसाच बोर्डवर नेला. बोर्डनं तो घेतला नाही. मी काकांना समजावलं, की दोघांचे प्रोसेसर वेगळे, त्यामुळे प्रत्येकावर तो नव्यानं बांधावा लागतो.

काका मिलमधल्या दोन मशिनींकडे बोट दाखवत म्हणाले, "म्हणजे हलरची जाळी पॉलिशरले लावून राहिले तुमी. आन् शिकाले एवढ्या दूर गेला होता?"

*

मग ताईंनी जुन्या कॉम्प्युटरवर ६४ बिटची लायब्ररी बसवली आणि प्रोग्राम अडला. चूक त्यांची नव्हती, पानावर नुसतं नाव होतं, आणि ३२ बिटच्या लायब्ररीचंही नाव तेच.

"दोघींचं नाव एकच काहून ठेवलं?" ताईंनी विचारलं.

प्रफुल म्हणाला, "ताई, तुमच्या अड्याळ गावात सुनील किती?"

"लय."

"मंग ओळखता कसे?"

"बापाचं नाव लावतो. तू काहून नाही लावलं?"

त्या दिवसापासून आमच्या पानावर प्रत्येक लायब्ररीपुढे एक रकाना आहे: 'बापाचं नाव'. त्यात ३२, ६४ किंवा बोर्ड. असं उत्तम डॉक्युमेंटेशन मी कुठल्याच विद्यापीठात पाहिलं नाही.

*

ताई सराव करायला बसल्या, की आम्ही मधेच बोलायचो. "ते नाही, खालचं दाबा!" शेवटी ताईंनी नियम काढला: पान लिहिणाऱ्यानं तोंड भरून बसायचं. प्रफुल खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, भरायचा. मी खर्रा खात नाही, म्हणून माझ्यासाठी चिवडा आला.

*

परीक्षेच्या दिवशी काकांनी आमचे फोन काढून घेतले आणि तोंड भरण्याच्या नियमासकट आम्हाला खिडकीबाहेरच्या बाकावर बसवलं. लॅपटॉप झाला. बोर्ड झाला. जुन्या कॉम्प्युटरवर काम अडलं.

आतला कीबोर्ड थांबला. मी उठलो. प्रफुलनं शर्ट धरून मला खाली बसवलं.

मग ताईंचा आवाज आला. त्या पान वाचत होत्या: "'इथे अडल्यास घाबरू नका, बापाचं नाव पाहा.'" पुन्हा कीबोर्ड वाजू लागला. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "काका, तुकडा दाखवून राहिला."

काका बाहेर आले. दोघांचे फोन परत दिले.

"ठेवतो," ते म्हणाले. "वैशालीनं एकटीनं केलं. पण मंग आता तुमी दोघं कायले पाहिजे?"

प्रफुलच्या तोंडात खर्रा होता, माझ्या तोंडात चिवडा.