हवाकाकांचा शक

हवाकाका कोणत्याही गाडीत सरळ जाऊन बसत नसत. आधी गाडीभोवती एक फेरी. ऑटो असो, जावयाची गाडी असो की लग्नातली फुलं लावलेली गाडी असो. प्रत्येक चाकापाशी थांबायचं, वाकायचं, टायरच्या कडेवरून अंगठा फिरवायचा आणि मगच दार उघडायचं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका मयतीला शववाहिनी आली, तर काकांनी तिलाही फेरी मारली. ड्रायव्हरला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की मागचं डावं टायर आतून खाल्लेलं आहे, घाटावरून परत येताना सांभाळून ये.

एस.टी.च्या टायर विभागात त्यांची बत्तीस वर्षं गेली होती. निवृत्त झाल्यावर ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी उमरेडला दिलेली. बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या स्कूटर-गाड्यांची हवा ते न सांगता तपासत, म्हणून पोरांनी त्यांना हवाकाका म्हणायला सुरुवात केली आणि मग मोठ्यांचंही तेच झालं. सकाळी जयभीम घालतानासुद्धा त्यांची नजर आपल्या तोंडाकडे नसे, चाकाकडे असे.

शक मात्र टायरपुरता नव्हता. आईला चादरी घ्यायच्या होत्या तेव्हा काका आमच्यासोबत गांधीबागेच्या कापडबाजारात आले. दुकानदार म्हणाला, शंभर टक्के कॉटन. काकांनी कडेचा एक धागा ओढला, खिशातून काडेपेटी काढली आणि त्याच्या गादीवर बसूनच धागा जाळून हुंगला. राख व्हायच्या ऐवजी धाग्याची काळी गोळी झाली. "प्लास्टिक हाय," एवढंच म्हणाले आणि चपला घालायला लागले. आई लाजेने अर्धी झाली होती. पण ती चादर काही तिने घेतली नाही.

इतका शक घेणाऱ्या माणसाच्या आयुष्यात केव्हातरी मोठा अपघात झाला असणार असं मला वाटायचं. फुटलेलं टायर, उलटलेली बस, असं काहीतरी. एकदा मी विचारलंच. काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं.

"काहीच नाई झालं," ते म्हणाले. "माह्या हातून निघालेल्या गाडीले बत्तीस वर्षांत काहीच नाई झालं. शक घेत होतो म्हनून."

मी पारशिवनीजवळच्या एका शाळेत शिकवते. बरीच वर्षं बसने जाणं-येणं केलं, मग एक जुनी पण वरच्या मॉडेलची गाडी घेतली. तिच्या प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या वालच्या बुडाशी एक सेन्सर होता. तो आतली हवा मोजायचा आणि समोरच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे दिसायचे. हवा कमी झाली की पिवळा दिवा लागायचा. आता काकांना रोज सकाळी वाकायला नको, या हौसेने मी त्यांना ते दाखवलं. चष्मा लावून त्यांनी चारही आकडे वाचले आणि विचारलं, "हे आत बसून सांगून राह्यलं, ते खरं कशावरून?"

दुसऱ्या दिवसापासून ते बाहेरून आपला हवा मोजायचा गेज लावू लागले आणि मला आत बसून आकडा वाचायला सांगू लागले. आकडा जुळला नाही तर त्यांना शक यायचा. जुळला तर जास्तच यायचा. पेट्रोल पंपावर कोणी मला नायट्रोजन भरायला सांगितलं, तेव्हा त्यांनी त्या पोराला विचारलं की साध्या हवेत कोणता वायू सगळ्यात जास्त असतो. पोराला सांगता आलं नाही. मला सांगता आलं, आणि काका दिवसभर माझ्यावर खूश होते.

सेन्सरच्या बॅटरीवर मात्र ते अडून बसले. ती चाकाच्या आत, कोणाला न दिसणारी. मेली तर कळणार कसं? मी सांगितलं, की मग दिवा आधी मिनिटभर लुकलुकतो आणि नंतर तसाच लागून राहतो. हवा कमी असेल तर लुकलुकत नाही, सरळ लागतो.

"मंग लुकलुकला की पहिले मले सांगजो," काका म्हणाले. मी हो म्हटलं.

त्या वर्षी जानेवारीत थंडी फार होती. एका सोमवारी सकाळी गाडी सुरू केली आणि दिवा लुकलुकला. मागच्या डाव्या चाकाच्या आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. कन्हानचा पूल ओलांडेपर्यंत आकडा परत दिसायला लागला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. काकांना सांगितलं असतं तर त्यांनी ते चाक तिथेच खोलायला लावलं असतं, शाळेला उशीर झाला असता, आणि टायर तर रविवारी बदलायचेच होते. मी काही बोलले नाही. त्या आठवड्यात काका सर्दीने घरातच होते, ते माझ्या पथ्यावरच पडलं.

रविवारी ऊन चढल्यावर आम्ही दोघं रिंग रोडवरच्या एका टायरच्या दुकानात गेलो. वाटेत दिवा लागला नाही. दुकान लहान होतं. सुधाकर नावाचा चाळिशीचा मालक स्वतःच फिटिंग करायचा. त्याने चार नवे टायर आणून ठेवले. काकांनी त्यांच्या कडेवरचे चार बारीक आकडे वाचले. त्यावरून टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनलं ते कळतं. हे दोन उन्हाळे गोदामात बसलेले आहेत, काका म्हणाले. सुधाकरने वाद न घालता ते आत नेले आणि अलीकडे बनलेले आणले. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

चाक खोलताना काका त्याच्या खांद्याशी उभे राहिले. वालच्या बाजूने दाब देऊ नको, आत सेन्सर आहे, असं चारही चाकांना चार वेळा सांगितलं. "माहीत हाय काका," सुधाकरही चार वेळा म्हणाला. तो सावकाश, नीट काम करत होता. वालची जुनी रबरं काढून नवी घातली, चाकं बॅलन्स करून चढवली. मग मी गाडी सुरू केली आणि दिवा लुकलुकला.

सुधाकर म्हणाला, एक चक्कर मारून या, चाक फिरलं की सेन्सर जागे होतात. चक्कर मारून आलो. तीन आकडे आले होते. मागच्या डाव्या चाकाच्या जागी दोन रेघा.

काका गाडीतून उतरले. आवाज चढवला नाही, पण शेजारच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात बोलले. आणताना गाडी चांगली होती. एक तर याने सेन्सर तोडला, नाहीतर चांगला काढून घेऊन मेलेला बसवला. जुन्या गाडीचे सेन्सर विकले जातात, हे त्यांना माहीत होतं. टपरीवरची चार माणसं उठून आली. स्कूटरचं पंक्चर काढायला थांबलेला एक जण म्हणाला, हे लोक असंच करतात. त्याने आपली स्कूटर ढकलत नेली.

सुधाकर जॅक घेऊन आला. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, नुकतंच बसवलेलं टायर पुन्हा उतरवलं आणि रिम काकांसमोर उभं धरलं. सेन्सर जागेवर होता. कुठे फुटलेला नव्हता, वर जुनी धूळ बसलेली होती.

"हा आमचाच कशावरून?" काकांनी विचारलं.

सुधाकरने रिम खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी सांगा. दिवा पहिले येत होता का?"

आजही मला त्याच्या हातावरचा टायरचा काळा थर आठवतो. एक शब्द पुरे होता. पण काकांनी एवढ्या लोकांसमोर त्याला चोर ठरवून टाकलं होतं. मी हो म्हटलं असतं तर काका उघडे पडले असते आणि मीही. मी म्हटलं, "मला नाही आठवत."

घरी येईपर्यंत काका बोलत होते. पुढच्या वेळी सेन्सरवरचा नंबर आधीच लिहून ठेवायचा, चाकाला खूण करायची. पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर मी चावी काढली आणि सगळं सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, कन्हानचा पूल. थंडीत दमलेली बॅटरी होती, दुसरं काही नव्हतं.

काकांनी सीटबेल्ट सोडला.

"त्यानं तुले विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"आन तू आठवत नाई म्हनाली."

मी मान हलवली. ते दार उघडून उतरले आणि दारावर हात ठेवून आत वाकले. "सारी दुनिया झाली शक घेऊन," ते म्हणाले. "तुह्यावर घ्यायचा राहून गेला."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघायच्या आधीच काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. शाळेला कळव, म्हणाले, आज उशीर होईल. दुकानापाशी पोचलो तेव्हा सुधाकर शटर वर करत होता. आम्हाला पाहून त्याचे हात थांबले. आता आणखी काय राहिलं, असं त्याने विचारलं. मी झालेलं सांगितलं, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं, पण चेहरा सैल झाला नाही. त्याला वाटलं, आम्ही गोड बोलून नवा सेन्सर फुकट बसवून घ्यायला आलो आहोत. तसं तो बोललाही. आता शक घ्यायची पाळी त्याची होती, आणि तो चुकीचा आहे असं म्हणायला आमच्याकडे तोंड नव्हतं.

"सेन्सर नको," काका म्हणाले. "काल जे ऐकून राह्यले होते, ते कुठं आहेत?"

ते टपरीवर गेले. सकाळची गर्दी होती, कालच्यातले दोघं होते, टपरीवाला होता. काकांनी चपला काढल्या. का काढल्या ते मी कधी विचारलं नाही.

"काल मी या मानसाले चोर म्हनलं," ते म्हणाले. "हा चोर नाई. यानं काम चोख केलं. मीनं बिना पाहता म्हनलं. हे ज्याले ज्याले सांगतलं असंन, त्याले हेही सांगजा."

कोणीतरी चहाचा कप खाली ठेवल्याचा आवाज आला. सुधाकर दुकानाच्या दारात उभा होता. त्याने येऊन काकांच्या चपला उचलल्या आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या. मग माझ्याजवळून जाताना थांबला. "काकांले माहीत नव्हतं, मॅडम," तो म्हणाला. "तुमाले माहीत होतं."

पुढच्या आठवड्यात त्याच्याकडेच नवा सेन्सर बसवला. काका या वेळी त्याच्या खांद्याशी उभे राहिले नाहीत, टपरीवर बसले. पुढे ते दर पंधरा दिवसांनी तिकडे जाऊन बसू लागले. नवे आलेले टायर ते दोघं मिळून वाचत.

माझ्याशी मात्र त्यांचं पहिल्यासारखं राहिलं नाही. सकाळी हवा तपासायला यायचे, पण आकडा मला विचारत नसत. चावी मागून घेत, स्वतः आत बसत, गाडी सुरू करून दिवा येतो की नाही ते मिनिटभर पाहत आणि चावी परत देत. त्यांच्या हातून चावी घेताना रोज मला माझी जागा कळायची. मग मी सांगायला लागले. गाडी डावीकडे ओढते, ब्रेकला बारीक आवाज येतो, काल खड्ड्यात चाक आदळलं, पुढच्या काचेला खडा लागला. विचारलं नाही तरी मी सांगायचे. काका ऐकून घ्यायचे, हूं म्हणायचे आणि जाऊन खात्री करून घ्यायचे. हे वर्षभर चाललं. शाळेतसुद्धा मला तीच सवय लागली. माझ्या हातून पेपर तपासताना चूक झाली तर दुसऱ्या कोणाला सापडायच्या आत मी हेडमास्तरांकडे जाते. सुरुवातीला त्यांना ते विचित्र वाटायचं.

पुढच्या वर्षी काकांची तब्येत ढासळली. मुलीने त्यांना उमरेडला न्यायचं ठरवलं. सामान टेम्पोने गेलं. काकांना मी नेते म्हटलं, आणि ते नाही म्हणाले नाहीत. उमरेडला गेल्यावर पावसाळा संपायच्या आतच ते वारले, त्यामुळे तो आमचा एकत्र शेवटचा प्रवास ठरला.

पाचगावपर्यंत ते बोलत होते. समोरून येणाऱ्या कोळशाच्या प्रत्येक ट्रकबद्दल काहीतरी सांगत होते. हा जास्त भरला, त्याची मागची जोडचाकं एकमेकांना घासत आहेत, त्याच्या जवळ जाऊ नको. मग बोलणं थांबलं. काही चुकलं का, म्हणून मी वळून पाहिलं. काका झोपले होते. मान सीटबेल्टच्या पट्ट्यावर कललेली, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे.

मी गाडीचा वेग कमी केला. मागून हॉर्न वाजत राहिले, लोक पुढे निघून जात राहिले. उमरेडला पोचून दारापुढे गाडी उभी केली तरी ते जागे झाले नाहीत. त्यांची मुलगी धावत बाहेर आली आणि काचेशी येऊन थबकली.

"बाबा झोपले?" तिने विचारलं. तिच्या नवऱ्याच्या गाडीत ते कायम वरचा दांडा धरून, डोळे रस्त्यावर लावून बसायचे, असं तिने हळू आवाजात सांगितलं. झोपलेले तिने कधी पाहिले नव्हते.

इंजिन बंद केलं असतं तर ते दचकून उठले असते. मी ते चालूच ठेवलं. ती फाटकाला टेकून उभी राहिली, मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसले, आणि काकांची झोप होईपर्यंत आम्ही दोघी तशाच थांबलो.