कुसुमच्या सोयरिकीचं मटण

माझ्या बहिणीची ठरत आलेली सोयरीक मी विज्ञानाच्या मदतीने मोडली.

तेव्हा मी पांढरकवड्याच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, म्हणजे घरातला शेवटचा शब्द माझा, असं मला वाटे. (घरात इतर कोणालाच तसं वाटत नसे.) वणीचे पाहुणे सुपारी फोडायला यायचे होते. मुलगा कुसुमला मनापासून आवडला होता. त्याचे वडील मात्र दारूबंदीचे कट्टर प्रचारक, गावोगाव भाषणं देत फिरत. त्यांना मटण फार आवडतं असं कळलं आणि मी बाह्या सरसावल्या. आमच्याकडे आईच्या चुलीवर मटण चढत नसे. अंगणात तीन दगड मांडून ते पुरुषांनीच शिजवायचं.

बोकड निघाला म्हातारा! पाणी आटून गेलं, तरी फोडी दबेनात. शिकारीचे शौकीन मामा माझ्या कानाशी लागले, "मोहाची घाल थोडीशी. रानडुक्करही लोण्यावानी होते!" आणि (त्या काळी दारूबंदी असूनही) बाटली हजर केली.

"दादा, आज? त्यायच्यासाठी?" कुसुम रडकुंडीला आली.

"अवं, अल्कोहोल पाण्याच्या आधी उकळते. वाफ होऊन उडून जाते. मी शिकवतो ना पोरायले!"

थोडीशी म्हणता म्हणता बाटली रिकामी झाली. लगेच असा वास सुटला की शेजारी कुंपणावरून डोकावू लागले. पोलीस आले तर? मी घाईघाईने झाकण ठेवलं आणि कडेने कणीक थापून पातेलं गच्च बंद केलं. वास थांबला. वाफही थांबली, हे मात्र विज्ञानाच्या मास्तरांच्या ध्यानात आलं नाही.

मटण लुसलुशीत झालं. मुलाचे वडील भाकरी कुस्करून वाट्यांवर वाट्या रस्सा ओरपू लागले. जन्मात थेंबाला न शिवलेला माणूस! आधी त्यांचे कान लाल झाले, मग टोपी तिरपी झाली, मग ते माझ्या वडिलांच्या, म्हणजे होणाऱ्या व्याह्यांच्या, गळ्यातच पडले.

"इवाई, पोरगी पसंत! हुंडा नोको, काई नोको!"

दाराआड कुसुम हसत होती. तिला तसं हसताना मी पुढे फार दिवस पाहिलं नाही.

इथे मी गप्प बसलो असतो तर आज वणीला मला भाचे असते. पण मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मास्तर, अंगात गरम गरम काहून वाटून राह्यलं? काय टाकलं जी रस्श्यात?"

मामांनी माझा पाय दाबला. पण प्रश्न शास्त्रीय होता!

"काही नाही जी. जराशी मोहाची होती, पण ती पूर्ण उडून गेली," असं म्हणून मी उकळण्याचं शास्त्र समजावून सांगू लागलो.

ते ताडकन उठले. उठताना झोक गेला आणि माझं शास्त्र तिथेच खोटं पडलं.

"मले दारू पाजली! मले!" एवढंच बोलून ते चपला शोधू लागले. मुलाने एकदा दाराकडे वळून पाहिलं, पण बापापुढे त्याचं काय चालणार? कुसुम आत निघून गेली.

पुढे तिचं लग्न बोरी अरबला झालं. माणूस चांगला मिळाला. तरी वणीचं नाव निघालं की ती अजून विषय बदलते, आणि मला फार वाईट वाटतं. त्या लग्नात सगळ्यांना कामं वाटली जात होती. मी हळूच विचारलं, "मले काय काम?"

"तू मांडवात बैस, दादा," ती म्हणाली. "अन् कोनी काई विचारलं, तर सांगू नोको."

आयुष्यभर पोरांना ज्ञान वाटलं, पण बहिणीच्या खरा उपयोगी पडलो तो त्या दिवशी, तोंड मिटून बसलो तेव्हा!