शेरूच्या भाकरीतलं माशाचं तेल

जखम लवकर भरायला कुत्र्याला माशाचं तेल "बिनधास्त द्या" असं मला या ग्रुपवर सांगणाऱ्यांनो, हे वाचाच.

आज डॉक्टरांनी शेरूच्या पायाची पट्टी सोडली. जखम अजून ओलीच. "खायला काय देताय?" त्यांनी विचारलं. मी कॅप्सूलची बाटली दाखवली.

ते भडकलेच. "कुणी सांगितलं? ताज्या जखमेला सुरुवातीची सूज लागते. हे तेल तीच दाबतं, भरणं लांबू शकतं. आधी बंद करा!"

आई शेरूला धरून बसली होती. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तरी तीच रोज कॅप्सूल फोडून तेल त्याच्या भाकरीत कालवायची.

परतताना नवी पेठेत रिक्षा अडकली, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग मी हात बाटवले ते कशाला रे?"

 याचं उत्तर तुम्ही देता का तिला?