समोरून पाहिलेली गाठ

दुपारी ऑफिसात असताना यांचा फोन आला. "घरी ये. दादा गेले." दादा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणायचे. अंबडच्या घरी पोचले तेव्हा ते खुर्चीतच होते आणि हातात घेतलेल्या कामाच्या दोराचा वेढा पायाच्या अंगठ्यात अडकलेला होता. शेजारच्या बायका रडत होत्या. मी आधी तो दोर सोडवला... रडू मला उशिराच येतं, त्याबद्दल लग्नापासून बोलणी खाल्ली आहेत.

मामा कोर्टात बेलिफ होते. नोटिसा बजावत तालुकाभर फिरलेला माणूस निवृत्त झाला आणि दिवसभर घरात बसला. टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचे, रक्तदाब वाढवून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी करा. तर बाजारातून सुती दोर घेऊन आले आणि बैलांच्या म्होरक्या करायला बसले. म्होरकी म्हणजे बैलाच्या तोंडावर बांधतात ती, दोराच्या गाठीगाठींची. वडीगोद्रीजवळच्या त्यांच्या गावी त्यांचे वडील पोळ्याआधी साऱ्या आळीला म्होरक्या करून द्यायचे. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात बैल कुठून असणार? माप मिळेना म्हणून मामांनी एकदा ती स्वतःच्याच तोंडाला लावून पाहिली आणि नेमकी दूधवाली दारात आली. तिने ते गल्लीभर केलं. मामांना त्याचं काही नव्हतं. दोर हातात आला की ते निवायचे, टीव्ही बंद राहायचा आणि आम्हीही सुखात असायचो.

फक्त शेवटची गाठ बसत नव्हती. गोंड्याच्या वर दोराचे तीन पदर मोकळे करून एकमेकांत ओवतात, ती. तिच्यावरून वडिलांचं काम ओळखू यायचं म्हणे. मामांची गाठ दिसायला तशीच, पण ओढली की सुटायची. रोज संध्याकाळी बांधायची आणि रोज सोडायची. "मरायच्या आधी एक तरी बराबर बसली पाह्यजे," ते म्हणायचे, आणि ते गमतीत नसायचे. मोबाइलवर बघू म्हटलं तर, "त्यात माझा बाप हाये का?"

एका रविवारी मी त्यांच्या समोर बसून मेथी निवडत होते. कंटाळून म्हणाले, "धर बरं हे. मी सांगतो तसं कर." बोटाने दाखवू लागले... ह्या बाजूचा पदर खालून, त्या बाजूचा वरून. मी गाठ ओढली. घट्ट. पुन्हा ओढली. मामांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"दोराचं टोक धरून मी बापाच्या समोर बसायचो," ते हळू बोलले. "समोरनंच बघितली. मंग उलटीच शिकून बसलो."

डावं-उजवं उलटल्यामुळे त्यांची गाठ दोराच्या पिळाविरुद्ध फिरायची आणि सुटायची; मी समोर बसून केली म्हणून ती सुलट झाली. चूक कळली तरी हात वळेनात. त्यांनी फार खटपटही केली नाही. "माझ्या हातानं कशाला? मला दिसून राह्यली ना बराबर," म्हणाले.

तेव्हापासून म्होरकी त्यांची आणि गाठ माझी. कुकर लावलेला असो की पाहुणे आलेले असोत, "सुनंदा, गाठ" अशी हाक यायची. मी वैतागायचे, पण जायचे. गाठ मारताना ते माझ्या हातांकडे बघायचे, माझ्याकडे नाही. त्यांना तिथे वडील दिसत, हे मला ठाऊक होतं, आणि तेवढ्यापुरती मला त्यांची फार माया यायची. कधी बोलून दाखवली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांची अर्धवट राहिलेली म्होरकी मी पुरी करायला घेतली. हे येऊन माझ्या पुढ्यात बसले. मामांचा एकुलता एक मुलगा, पण दोराला कधी हात लावलेला नव्हता. "मला पण शिकव," म्हणाले.

मी सतरंजीवर सरकून जागा केली. "समोर नका बसू," म्हटलं. "इकडं या, शेजारी."