मनगटावरचा व्रण

काचबिंदूने बाबांची दृष्टी गेली, त्याला आता वर्ष होईल. सुरुवातीला ते खुर्चीतून हलतच नसत. मग एका सकाळी आईने त्यांच्यापुढे मेथीची जुडी ठेवली आणि "एवढी निवडून द्या," म्हणाली. कोवळं पान कुठलं, जून देठ कुठला, हे ते हळूहळू बोटांनी शिकले.

काल तिला निवडलेल्या भाजीचं ताट परत देताना त्यांचा हात तिच्या मनगटावर थांबला.

"हा व्रण कसला गं?"

"वाफेने भाजलं होतं. ही पोटात होती तेव्हा," माझ्याकडे बघत आई म्हणाली.

जन्मभर त्या हातचं जेवलेल्या माणसाला तो व्रण आत्ता कुठे सापडला होता. ते त्यावरून बोट फिरवत राहिले.

"फार दुखलं होतं का?"

"हो," आई म्हणाली, आणि तिने हात तसाच राहू दिला.