नायगावचा सिग्नल

बसमध्ये तो ट्रॅकिंगचा डबा बसवला आणि आमच्या कंट्रोल रूममध्ये किस्स्यांना तोटाच उरला नाही. आजही चार जुने लोक भेटले की गाडी डब्यावरच येते.

माझं काम सोपं. दादरला बसून स्क्रीन बघायची. एक हिरवा ठिपका म्हणजे एक बस. काही गडबड दिसली की डब्यातूनच ड्रायव्हरशी बोलायचं.

*

दुसऱ्याच दिवशी सावंतची बस गिरगाव चौपाटीच्या पुढे, समुद्रात दिसली. सावंत आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. राहायला लालबागला, मूळचा मालवणचा. साहेब माझ्या मागेच उभे, म्हणून विचारावंच लागलं.

"सावंत, कुठे आहेस?"

"ऑपेरा हाऊसला. का रे?"

"इथे समुद्रात दाखवतंय."

"बरं मग, बांगडे मिळाले तर घेऊन येतो."

साहेबांनी सगळं ऐकलं. मी मान खाली घालून बसलो.

*

एकदा परळला एक बस दोन तास हलेचना. साहेबांनी ब्रेकडाऊन व्हॅन पाठवली. व्हॅनवाल्यांना सापडला नुसता डबा, वर्कशॉपच्या टेबलावर, रिपेअरला काढून ठेवलेला. बस केव्हाची आमच्याच खिडकीखाली उभी होती!

*

पुढे डबे सुधारले आणि साहेबांना एक गोष्ट दिसली. सावंतची बस रोज सकाळी नायगावला, स्टॉप नसलेल्या जागी, दोन मिनिटं थांबत होती. त्यांनी मेमो काढायला घेतला. सावंतच्या रिटायरमेंटला तीन महिने उरलेले. तीस वर्षांत एकही मेमो नाही, हे तो चहावाल्यालासुद्धा सांगायचा. मी आधी बघून येतो म्हटलं.

गेलो. चाळी पाडायला घेतल्यावर स्टॉपचा खांब उपटून पार पुढच्या नाक्यावर नेला होता. जुन्या जागी मात्र पाच-सहा म्हाताऱ्यांची रांग, पिशव्या घेऊन, अगदी शिस्तीत. सावंत थांबला, सगळ्या चढल्या. मला बघून त्याचा चेहरा पडला.

रिपोर्टमध्ये मी कारण लिहिलं, 'सिग्नल'. तिथे सिग्नल नव्हताच. आणि साहेब वाढलेले नायगावच्याच पोलीस क्वार्टर्समध्ये! त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला, मेमो ड्रॉवरमध्ये टाकला आणि जेवायला गेले.

*

सावंत बिनमेमोचा रिटायर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बसवर नवा ड्रायव्हर. ठिपका नायगावजवळ आला, तसे साहेब केबिनमधून उठून आले आणि माझ्या हातातला माइक घेतला.

"पुढे सिग्नल आहे. दोन मिनिटं थांब."

"साहेब, मला तर सिग्नल दिसत नाही."

"थांबलास की दिसेल."