गरम दिवा

कुणाच्याही घरी गेले की सर आधी स्टुलावर चढायचे आणि दिव्याच्या मानेला हात लावायचे. "गरम आहे. तेवढा उजेड वाया," म्हणायचे, मग चहा मागायचे. असा माणूस तुम्ही पाहिला असेल. नसेल तर बरंच आहे. स्टूल आपल्याला धरावं लागतं.

वारूळवाडीत माझ्या शेजारच्या खोलीत ते भाड्यानं राहायचे. डबा माझा. कॉलेजात विज्ञान शिकवायचे आणि सुट्टी पडली की पुण्याच्या प्रयोगशाळेत पळायचे. तिथं काचेवरचा एक पापुद्रा होता. खूप थंड केला की तो उजळायचा.

"मग माझ्या माठात ठिवा की," मी म्हणाले.

सर ठसका लागेपर्यंत हसले. "तुमचा माठ नाही पुरायचा, मावशी." त्यांना तो खोलीच्या उबेत उजळलेला बघायचा होता. एकदाच, निवृत्तीच्या आत.

मी चौथी शिकलेली. मला त्यांनी कोयत्यावरून सांगितलं. आम्ही नवरा-बायको पारगावच्या कारखान्याला ऊस तोडायचो. तिथं नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता मोजतात. "तसंच," ते म्हणाले. "पापुद्र्यावर प्रकाश पडला की एक कण जागचा उठतो. मागं त्याची रिकामी जागा राहते. कण आणि जागा जोडीनं फिरतात. ऊब वाढली की धक्के बसतात, जोडी भरकटते, नुसती उष्णता उरते. कण परत जागेवर बसला, तर उजेड."

"आन् जोडी?"

"संपते."

"आमची बी संपली," मी म्हणाले. "उनात. उजेड काय पडला न्हाई."

नवरा उसाच्या फडातच, ऊन लागून वारला होता. मुकादमानं सांगितलं, अर्धा कोयता चालत नाही. सर भाकरीचे तुकडे करत बसले. त्या दिवशी स्टुलावर चढले नाहीत.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात पुण्याहून आले. डबा उघडलाच नाही.

"दिसला का?"

"नाही. लई धक्के."

'लई' त्यांनी माझ्याकडून उचललं होतं.

सामान टेम्पोत चढलं, तेव्हा निरोप घ्यायला माझ्या घरात आले. वीज गेलेली. तरी स्टूल ओढलं आणि चढले. मी धरलं. दिव्यावर हात ठेवून उभेच राहिले.

"सर, लाइट न्हाई."

"माहितीय," ते म्हणाले. "गार आहे, मावशी."

उतरले, टेम्पोत बसले, गेले.

स्टूल अजून दिव्याखालीच आहे. येता-जाता पायाला लागतं. शिवी देते, पण उचलत नाही.